त्या दिवशी तिथी कोणती?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल कोकणच्या समुद्रकाठी जायची ठरली. निघण्याची वेळ, वर्गणी, सोबत आणायचा डबा आणि पांघरूण, सारे काही सूचनाफलकावर तपशीलवार लागले होते. सुट्टीत गावी गेलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या कोळीबाबांना मी ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘त्या दिवशी तिथी कोणती रे?’’

मी समुद्राच्या गावचा, त्यातून भूगोल माझा विषय; पण मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त ही शरमच होय.

तिथीचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की आपल्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. अष्टमीस सहा, दशमीस साडेसात, पौर्णिमा-अमावास्येस साडेअकरा-बाराचा सुमार. ही वेळ सकाळ-संध्याकाळ, दोन्ही खेपांना लागू पडते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तास ओहोटी चालते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास असतो तो भांग. उधाणात पाणी जितके वर चढते तितकेच ते खाली खेचलेही जाते. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बारा ते सहा, नेमक्या सहलींच्या पोहण्याच्या वेळी, जोराची ओहोटी असते!

धोका केवळ ओहोटीचा नव्हे. लाटांनी काठावर आणून टाकलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या दांड्यातील खोलगट वाट शोधते आणि त्या अरुंद वाटेने वेगाने आत धावते. पाणी उतरू लागले, की दांडा उथळ होतो आणि बराचसा प्रवाह याच वाटेत एकवटतो. गंमत अशी, की तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. नवख्या माणसाला ती जागा शांत वाटते आणि तो तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास काठाच्या दिशेने झुंजू नये. दम तेवढा संपतो. अंग पाण्यावर तरंगत ठेवावे, किनाऱ्याला समांतर सरकावे आणि ओढ सुटल्यावर फुटत्या लाटांबरोबर बाहेर यावे. काठावरच्यांनी भावनेच्या भरात उडी न घेता दोर, रिकामा डबा, चेंडू, जे तरंगेल ते फेकावे आणि मदत बोलवावी.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते आपल्यासारखेच, आपल्याच वयाचे होते. हा आकडा आठवला, की ‘समुद्रावर काय शिकायचे असते?’ असे म्हणवत नाही.

आता शासन या बाबतीत काय करते ते पाहू. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा राखण्यास सांगितले. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९१ मध्ये सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. लोक तिला सर्रास ‘सीआरझेड’ म्हणतात. २०११ आणि २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. खारफुटी, कासवांच्या विणीच्या जागा, वाळूच्या टेकड्या यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असे. २०१९ नंतर, जेथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहतात तेथे ती ५० मीटरवर आली.

हे सारे झाडे-कासवांसाठी, माणसाचा त्यात काय संबंध, असा प्रश्न पडेल. माझे म्हणणे असे, की संबंध सरळ आहे. आमच्या पुळणीवर मर्यादवेल पसरते. नाव किती समर्पक! ती वाळू धरून ठेवते, वाळूची टेकडी वाढते आणि उधाणाचा मार ती टेकडी सोसते. टेकडी सपाट करून तेथे भिंत उभारली, की लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू घेऊन परतते. पुळण खचते, उतार तीव्र होतो आणि गुडघाभर पाण्यातला माणूस दोन पावलांत गळ्याएवढ्या पाण्यात जातो. किनारा राखणे आणि माणूस राखणे ही दोन खाती नव्हेतच.

मासेमारीबंदीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. माशांची वीण होते आणि खवळलेल्या समुद्रापासून खलाशीही वाचतो. एका नियमात दोन्ही साधते. पण ज्या दिवसांत जन्माचा दर्यावर्दी होडी ओढून घरी बसतो, त्याच दिवसांत शहरातून आलेले आपण पावसाळी मजा म्हणून पाण्यात शिरतो, याला काय म्हणावे?

गोव्यात २००८ पासून शासनाने एका खाजगी संस्थेमार्फत किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्ये पोहावे, नुसते लाल निशाण असेल तेथे पाण्यात जाऊ नये, अशी खूण आहे. आपल्याकडे हा भार अनेक गावी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या शिरावर पडतो. गाव लहान, मिळकत बेताची आणि रविवारी पर्यटकांची जत्रा! फलक लावून जबाबदारी संपत नाही हे खरे. पण फलक वाचायचाच नाही असे ठरवलेल्यांपुढे जीवरक्षक तरी काय करणार?

असो. परत आल्यावर मी आमच्या सरांना भेटलो आणि सूचनेत एक ओळ वाढवली गेली : ‘दशमी. पूर्ण भरती सकाळी साडेसात, ओहोटी दुपारी पावणेदोनपर्यंत.’ ‘‘हा पंचांग घेऊन पोहायला निघालाय,’’ म्हणून मित्रांनी माझी यथेच्छ थट्टा केली. गाडी अकराला पोहोचली. आम्ही सुरूच्या बनात डबे उघडले, गाणी म्हटली आणि अडीचनंतर, जीवरक्षकाला विचारून, त्याच्या नजरेसमोर गुडघाभर पाण्यात उतरलो. मजा तसूभरही कमी झाली नाही.

पुढल्या सहलीची सूचना लागेल तेव्हा मी महाविद्यालयात नसेन. त्या सूचनेत तिथी नसेल, तर कोणीतरी विचारावी, एवढीच विनंती.