दप्तर काट्यावर ठेवा

दप्तर जड झाले की भार पाठीमागे खेचतो आणि तोल सावरायला मूल कमरेतून पुढे वाकते. समोर पाहायचे म्हणून मान पुन्हा वर उचलावी लागते. मान आणि खांदे दुखतात ते या ओढाताणीने. अरुंद पट्टे खांद्यात रुततात, तिथल्या नसा दाबल्या गेल्या तर हाताला मुंग्या येतात. एकाच खांद्यावर दप्तर टाकण्याची ऐट तर आणखी महाग पडते, कारण सगळा भार एकाच बाजूला येतो. मात्र दप्तरामुळे पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, याला ठोस पुरावा नाही. ती भीती उगाच पसरली आहे. दुखणे मात्र खरे.

दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घातली, 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तीच आहे. म्हणजे 25 किलोच्या मुलाला अडीच किलो. त्यात लिटरभर पाण्याची बाटली भरली की एक किलो तिथेच संपला! शाळेत पिण्याचे चांगले पाणी असेल तर बाटली रिकामी नेता येते. बालभारतीने पुस्तकांचे भाग पाडले होते, तरी गाईड आणि क्लासच्या वह्या आपणच कोंबतो.

जड पुस्तके पाठीला लागून ठेवावीत, दोन्ही पट्टे आवळून दप्तर कमरेच्या वर राहील असे पाहावे. दुखणे टिकले किंवा हात बधिर होऊ लागला, तर बाम चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.