गडद निळा पोशाख आणि डोळ्यांचे रंग

‘सावळ्या मुलीने गडद निळा रंग वापरू नये,’ हा सल्ला मराठी घरांतून आजही अधूनमधून ऐकू येतो. साड्यांच्या दुकानात एकामागून एक साड्या उलगडल्या जातात, मुलीचा हात नेमका गडद निळ्या साडीवर थांबतो आणि सोबतची मावशी किंवा आत्या ‘त्यापेक्षा ती अबोली बघ, उजळ दिसशील’ म्हणत ती साडी बाजूला सारते. हट्टाने ती घेतलीच, तर समारंभाच्या दिवशी दुसरी चूक घडते. साडी निळी म्हणून टिकली निळी, बांगड्या निळ्या आणि पापण्यांवरची आयशॅडोही निळी! मग आरशात चेहरा थकलेला, काळवंडलेला दिसतो. त्याचा दोष पुन्हा निळ्या रंगाला दिला जातो, नाही तर मुलीच्या वर्णाला.

वास्तविक दोष या दोहोंपैकी कोणाचाच नसतो. कोणताही रंग एकटा दिसत नाही; तो शेजारच्या रंगासह दिसतो. ही साधी गोष्ट ध्यानात घेतली, तर गडद निळ्या पोशाखावर डोळ्यांची रंगभूषा कशी करावी, हा प्रश्न बराच सोपा होतो आणि ‘सावळ्या रंगाला निळा शोभत नाही’ हा समजही किती पोकळ आहे, ते उमगते.

शेजारी काय करतो?

रंगांच्या या शेजारधर्माचा पद्धतशीर अभ्यास एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. मिशेल यूजेन शेव्हरल हे १८२४ साली पॅरिसच्या गोबेलँ या विख्यात विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे संचालक झाले. तेथे विणल्या जाणाऱ्या भित्तिचित्रांतील काळ्या रंगाबद्दल तक्रार होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या दाखविण्यासाठी वापरलेले काळे सूत फिके दिसते, असे सांगितले जात होते. शेव्हरल यांनी ते सूत इतर ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून पाहिले. रंगाईत काहीच उणे नव्हते. निळ्याच्या शेजारी बसल्यामुळे काळ्याचा जोर डोळ्यांना कमी वाटत होता. या निरीक्षणातून पुढे त्यांचा रंगविरोधावरील ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील सिद्धान्ताचे सार असे : दोन रंग शेजारी आले, की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेने ढकलतो. गडद रंगाशेजारी फिका रंग अधिक फिका भासतो. निळ्याचा विरोधी रंग चित्रकारांच्या रंगचक्रात नारिंगी, तर प्रकाशाच्या हिशेबात पिवळा मानला जातो. म्हणजेच निळ्याच्या सान्निध्यात सोनेरी, केशरी, तांबूस अशा छटा खुलतात.

आता माणसाच्या त्वचेकडे पाहावे. गोरी, निमगोरी, गव्हाळ किंवा सावळी, त्वचा कोणतीही असली तरी तिचा मूळ रंग पिवळा, नारिंगी आणि तांबूस यांच्याच कुळातला असतो. कमी-जास्त होते ती त्याची गडदता. गळ्याशी गडद निळे वस्त्र आले, की त्वचेतील ही उबदार झाक वर येते आणि त्या गडद पार्श्वभूमीवर चेहरा किंचित उजळच भासतो. मावशीच्या सल्ल्याला शेव्हरल यांचा सिद्धान्त मुळीच दुजोरा देत नाही.

मग निळी आयशॅडो का फसते?

कारण तेथे निळा रंग चेहऱ्याचा शेजारी राहत नाही, तो चेहऱ्यातच येऊन बसतो. अनेक भारतीय स्त्रियांच्या डोळ्यांभोवतीची त्वचा मुळातच गालांपेक्षा गडद असते आणि डोळ्यांखाली निळसर-तपकिरी सावली असते. पापणीवर निळा रंग पसरला, की तो या सावलीशी हातमिळवणी करतो. डोळा मोठा दिसण्याऐवजी खोल गेलेला, जागरणाने सुजलेला वाटतो. शिवाय गोबेलँच्या सुताची गत काजळाची होते. निळ्या आयशॅडोला लागून असलेले काळे काजळ आपला जोर गमावते, तर तांब्याच्या रंगाशेजारी तेच काजळ अधिक काळेभोर दिसते.

निळ्या आयशॅडोचे आकर्षण तसे जुने आहे. १९६३ सालच्या ‘क्लिओपात्रा’ या चित्रपटात एलिझाबेथ टेलरने पापण्यांवर मिरवलेला निळा रंग जगभर गाजला. मात्र पाश्चात्त्य मासिकांतील रंगभूषेचे बरेचसे सल्ले गोरी त्वचा आणि निळे, राखाडी किंवा हिरवे डोळे गृहीत धरून लिहिलेले असतात. ‘नेव्ही ब्लू गाऊनवर चंदेरी आणि फिकट गुलाबी’ हा त्यांतलाच एक. काळ्याभोर किंवा गडद तपकिरी डोळ्यांना आणि गव्हाळ त्वचेला तो जसाच्या तसा लावला, की निराशा पदरी पडते.

तांबे, कांसे आणि गेरू

गडद निळ्या पैठणीचा पदर पाहिला, तर उत्तर तेथेच विणलेले आढळते. निळ्या रेशमावर सोनेरी जर का झळाळते, याचे कारण वर आलेच आहे. डोळ्यांसाठीही तेच कुळ निवडावे : तांबे, कांसे, जुने सोने, विटकरी, दालचिनी. या छटांमागचे रंगद्रव्यही आपल्या ओळखीचे आहे. आयशॅडोतील बहुतेक तपकिरी, विटकरी आणि तांबूस छटा लोहाच्या ऑक्साइडांपासून येतात. तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूचा लाल रंगही त्याच द्रव्याचा. चमक येते ती बहुधा अभ्रकाच्या सूक्ष्म कणांमुळे.

वर्णानुसार या छटांची गडदता मात्र बदलावी. गोऱ्या व निमगोऱ्या वर्णाला फिकट सोनेरी, मधाळ तपकिरी किंवा गुलाबीसर तपकिरी पुरते. गडद कांसे तेथे एकदम अंगावर येते. गव्हाळ वर्णाला तांबे आणि कांसे या दोन्ही छटा सहज शोभतात. सावळ्या वर्णाने फिकट रंगांच्या नादी लागू नये. फिकट आयशॅडोत पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरलेले असते आणि गडद त्वचेवर त्याचा राख फासल्यासारखा थर दिसतो. सावळ्या पापणीवर गडद तांबे, जुने सोने, आमसुली किंवा वांगी रंग भरदार उठून दिसतो. आमसुली आणि वांगी हे निळ्याचे नात्यातले रंग. त्यांतील लालसरपणामुळे ते निळ्याशी जुळतातही आणि चेहऱ्याला मलूल करत नाहीत.

दागिने चांदीचे किंवा ऑक्सिडाइज्ड असतील, तर सोनेरी रंगाचा आग्रह नको. अशा वेळी धुरकट राखाडी छटा निवडावी. मात्र पापणीच्या घडीत थोडा तपकिरी रंग मिसळून तिला ऊब द्यावी. नुसती चंदेरी आयशॅडो सावळ्या त्वचेवर वेगळी, चिकटवल्यासारखी दिसते.

निळा रंग डोळ्यांना लावायचाच असेल, तर तो रेषेपुरता ठेवावा. वरच्या पापणीवर काळे आयलायनर आणि खालच्या कडेला, बाहेरच्या अर्ध्या भागात, गडद निळ्या पेन्सिलीची बारीक रेघ पुरेशी आहे. डोळ्यांतील पांढरा भाग त्यामुळे अधिक स्वच्छ वाटतो आणि पोशाखाचा धागा चेहऱ्यापर्यंत पोहोचतो. ही रेघ पोशाखापेक्षा एखादी छटा गडद असावी; हुबेहूब तीच छटा शोधण्यात वेळ दवडण्याची गरज नाही.

विरोधी रंगांचा आणखी एक उपयोग

विरोधी रंग शेजारी ठेवले, तर एकमेकांना खुलवतात. एकमेकांत मिसळले, तर एकमेकांना मावळवतात. डोळ्यांखालच्या निळसर सावलीवर थेट फिकट कन्सीलर लावले, तर ती राखाडी दिसते. त्याऐवजी आधी नारिंगी झाकेचा करेक्टर अगदी पातळ लावावा आणि त्यावर त्वचेच्याच रंगाचे कन्सीलर थोपटून बसवावे. गव्हाळ वर्णाला पीच, तर सावळ्या वर्णाला गडद नारिंगी झाक योग्य ठरते. गडद निळ्या पोशाखावर ही पायरी टाळू नये. पोशाखाच्या निळ्याला डोळ्यांखालच्या निळ्याचा प्रतिसाद मिळाला, की बाकीची मेहनत वाया जाते.

कन्सीलर चेहऱ्यापेक्षा दोन छटा उजळ घेण्याचा मोह मात्र आवरावा. रंगभूषेचे काम चेहरा खुलविण्याचे आहे, त्याचा वर्ण बदलण्याचे नव्हे. ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. समारंभाच्या खोल्यांतून तो अद्याप पुरता गेलेला नाही. नवरीच्या सावळ्या मानेवर पांढुरका चेहरा बसविला जातो, तेव्हा निळा शालू आपले काम करूच शकत नाही. त्याला शेजारी उबदार त्वचा हवी असते आणि नेमकी तीच झाकून टाकलेली असते.

दिवा कोणता, हेही पाहावे

गडद निळा रंग प्रकाशानुसार फार बदलतो. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात निळा अंश कमी असतो. त्यामुळे गडद निळी साडी जवळजवळ काळी दिसते आणि पापण्यांवरचे तांबे, सोने अधिक पेटते. अशा सभागृहात चमक थोडी कमी ठेवावी. याउलट, थंड पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या उजेडात निळा अंश भरपूर असतो. तेथे साडी झळकते, पण चेहरा फिका पडतो. म्हणून तांबूस छटा थोडी गडद करावी आणि गालांनाही किंचित रंग द्यावा. दिवसाच्या कार्यक्रमाला चमकविरहित तपकिरी किंवा विटकरी छटाच पुरे.

छायाचित्रांचा विचार आता टाळता येत नाही. संपूर्ण पापणीवर चमक लावली, तर फ्लॅशमध्ये ती घामासारखी दिसते. चमक पापणीच्या मध्यभागी बोटाने टेकवावी, घडीत आणि बाहेरच्या कोपऱ्यात सपाट रंग ठेवावा. तयारी झाल्यावर खिडकीजवळ जाऊन एकदा आणि दिव्याखाली एकदा आरसा पाहावा.

डोळ्यांनी आग्रही व्हायचे ठरविले, की ओठांनी माघार घ्यावी. तांब्याच्या आयशॅडोबरोबर गुलाबीसर तपकिरी किंवा विटकरी लिपस्टिक पुरते. लाल लिपस्टिकच लावायची असेल, तर पापण्यांवर फिकट कांस्य आणि काजळ एवढ्यावर थांबावे.

रंगापेक्षा डोळे मोलाचे

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असते आणि तिला लावलेले द्रव्य डोळ्यांत जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून स्वस्त, बिननावाच्या डब्या टाळाव्यात. प्रसाधनांच्या रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास भारतात कायद्याने बंदी आहे. तरीही सुट्या विकल्या जाणाऱ्या पारंपरिक सुरम्यात शिशाचे खनिज असू शकते. लहान मुलांच्या डोळ्यांत असे द्रव्य घालणे विशेष धोक्याचे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता, घटक आणि मुदत छापलेली पाहूनच खरेदी करावी. मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत बदलावा, काजळाची कांडी मैत्रिणींत फिरवू नये आणि डोळे आले असताना कोणतीही रंगभूषा करू नये. कॉन्टॅक्ट लेन्स आधी घालाव्यात व रंगभूषा नंतर करावी. रात्री कितीही उशीर झाला, तरी डोळे स्वच्छ करूनच झोपावे.

या सगळ्यासाठी मोठी पेटी लागत नाही. तांब्याची एक छटा, सपाट तपकिरी एक, नारिंगी करेक्टर, काजळ आणि मस्कारा एवढ्यावर गडद निळ्या पोशाखाचे काम भागते. पुढच्या खेपेस साड्यांच्या दुकानात एखाद्या सावळ्या मुलीचा हात निळ्या साडीवर थांबला, तर मावशीने ती बाजूला सारू नये. साडीचा पदर मुलीच्या खांद्यावर टाकून, तिला दाराशी उजेडात नेऊन, एकवार नीट पाहावे.