महाधमनी फाटते तेव्हा
महाधमनी विच्छेदन (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरणे) म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. कोट घालताना हात उसवलेल्या शिवणीतून अस्तर आणि कापड यांच्यामध्ये जातो, तसेच हे. शस्त्रक्रिया झाली की आजार संपला, हा समज मात्र घातक आहे. सर्जन बहुधा हृदयालगतचा फाटलेला भाग बदलतात. पुढच्या भागात रक्त त्या खोट्या वाटेने वाहत राहू शकते, भिंत फुगू शकते. म्हणून रक्तदाब आयुष्यभर आटोक्यात ठेवायचा, तंबाखू सोडायची, ठरलेल्या वेळी स्कॅन करायचे. या शस्त्रक्रियेच्या प्रवर्तकांपैकी एक, अमेरिकन सर्जन मायकेल डीबेकी यांना २००५ च्या अखेरीस, ९७व्या वर्षी, हाच आजार झाला. शस्त्रक्रियेनंतर ते २००८ पर्यंत जगले.