दोन दारांचा सर्व्हर

ज्या यंत्रावर शेंकडों लोकांचें काम अवलंबून असतें, त्याला बाहेरच्या जगाशीं जोडणारी वाट एकच ठेवणें धोक्याचें असतें. म्हणून सर्व्हरला, म्हणजे मागणी येतांच माहिती पुरविणाऱ्या संगणकाला, दोन नेटवर्क कार्डें बसवितात व त्यांना निरनिराळ्या कंपन्यांच्या इंटरनेटच्या तारा जोडतात. एक तुटली तरी दुसरी आहेच, अशा समाधानांत संस्थाचालक असतात. परंतु पुष्कळदां अनुभव असा येतो कीं, दुसऱ्या तारेवरून आलेल्या हांकेला सर्व्हर ओ देत नाहीं. कार्ड चांगलें असतें, तार शाबूत असते, दिवाही लुकलुकत असतो. तरी उत्तर म्हणून मिळत नाहीं. असें कां व्हावें?

माहितीचें प्रत्येक पॅकेट टपालांतील पत्राप्रमाणें दोन पत्ते घेऊन निघतें : एक पाठविणाराचा, दुसरा घेणाराचा. तें कोणत्या कार्डांतून बाहेर सोडावें हें ठरविण्यासाठीं संगणक आपल्याजवळचा मार्गांचा तक्ता पाहतो. त्या वेळीं तो घेणाराचा पत्ता तेवढा वाचतो. पाठविणाराच्या पत्त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. जवळच्या ठिकाणांच्या नोंदी तक्त्यांत असतातच. बाकी साऱ्या जगासाठीं एक सर्वसाधारण वाट नेमलेली असते. अशा दोन वाटा लिहून ठेविल्या, तरी जिच्यापुढील मेट्रिकचा आंकडा लहान, तिचाच स्वीकार होतो.

समजा, पहिल्या कार्डाचा पत्ता १९२.०.२.१० आणि दुसऱ्याचा १९८.५१.१००.१० आहे. दूरच्या कोणी दुसऱ्या पत्त्यावर मागणी पाठविली. ती दुसऱ्या दारानें आंत आली, उत्तरही तयार झालें. पण तें निघालें पहिल्या दारानें, आणि त्यावर पत्ता मात्र दुसऱ्या दाराचा! पहिली कंपनी हा परका पत्ता पाहून तें बहुधा फेंकून देते. यांत तिचा दोष नाहीं. खोट्या पत्त्यांच्या आड होणारे हल्ले थोपविण्यासाठीं अशी गाळणी लावावी, ही शिफारस इंटरनेटच्या नियमकारांनीं २००० सालींच केलेली आहे.

लिनक्स प्रणालींत १९९९ सालच्या २.२ या आवृत्तीपासून यावर उपाय आहे. मुख्य तक्ता तसाच ठेवून दुसऱ्या कार्डासाठीं स्वतंत्र तक्ता करावयाचा. त्यांत दोन ओळी पुरतात : शेजारचे पत्ते त्या कार्डानें थेट गांठावे, आणि उरलेल्या जगाकडे दुसऱ्या कंपनीच्या गेटवेमधून जावें. मग एक नियम लिहावयाचा कीं, ज्या पॅकेटावर पाठविणाराचा पत्ता १९८.५१.१००.१० असेल, त्यासाठीं हा नवा तक्ता पाहावा. मुख्य तक्त्याची पाळी ३२७६६ या क्रमांकाला येते. नव्या नियमाचा क्रमांक त्याहून लहान असला म्हणजे तो आधीं वाचला जातो. मग ज्या दारानें हांक आली, त्याच दारानें उत्तर जातें.

येथें एक फसवी जागा आहे. परतीच्या वाटेची कडक तपासणी चालू असेल आणि वरील नियम लिहिलेला नसेल, तर दुसऱ्या दारानें आलेलें पॅकेट उंबरठ्यावरच गाळलें जातें. घाईनें ही तपासणी सैल केली, तर मागणी आंत येते खरी, पण उत्तर पूर्ववत् चुकीच्या दारानें जातें. लक्षण झांकलें जातें, रोग तसाच राहतो. नियम नीट लिहिला असतां कडक तपासणीचीही अडचण उरत नाहीं.

आज्ञा देऊन केलेली ही व्यवस्था यंत्र पुन्हां सुरू होतांच पुसली जाते; यास्तव ती कायमच्या नोंदींत लिहावी लागते. आणि तिची खरी परीक्षा एकच : कामाची गर्दी नसतां, जाणता माणूस यंत्राजवळ उभा असतां, पहिली तार मुद्दाम काढून पाहणें. जी वाट संकटासाठीं राखली, तिच्यावरून परतही येतां येतें कीं नाहीं, हें संकटाच्या दिवशीं कळून उपयोग नसतो.