जपानमधले मॉर्मन तरुण घडतात कसे?

पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सायकल. जपानी शहरांत जोडीनं फिरणारी ही विशीच्या आसपासची अमेरिकी मुलं म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. कोणत्या देशात जायचं हे चर्च ठरवतं. पगार नसतोच, उलट खर्चाला स्वतः किंवा घरच्यांनी हातभार लावायचा. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठून व्यायाम, धर्मग्रंथाचं वाचन, भाषेचा अभ्यास, मग दिवसभर दारोदार, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास अंथरुणावर. मिशनवरची ही दोन वर्षं लोकांचा धर्म बदलतात त्याहून जास्त त्या मुलालाच घडवतात, असं माझं ठाम मत आहे. धर्मप्रसार हाच हेतू आहे, हे ते स्वतःही लपवत नाहीत; पण फळ कुठे दिसतं ते बघा. १९०१ मध्ये जपानला पोचलेल्या पहिल्या चौघांत अल्मा टेलर हा १९ वर्षांचा पोरगा होता. १९२४ मध्ये ते पहिलं मिशन गुंडाळलं, तोवर बाप्तिस्मे दोनशेही झाले नव्हते. टेलर मात्र जवळपास नऊ वर्षं राहिला, जपानी शिकला आणि त्यानं केलेला ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाचा जपानी अनुवाद १९०९ मध्ये छापून आला.

ही कोवळ्या वयातली मुस्कटदाबी आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. २०१९ पर्यंत घरी फोन करायला साधारणपणे नाताळ आणि मातृदिन एवढीच मुभा होती. आता दर आठवड्याला बोलता येतं. ती सक्ती गेली ते बरंच झालं. जोडीदाराला सोडून एकट्यानं कुठे न जाण्याचा नियम मात्र मला वेगळा वाटतो. न निवडलेल्या, कदाचित न पटणाऱ्या माणसाबरोबर एकाच खोलीत राहायचं, एकाच ओट्यावर रांधायचं आणि सकाळी दोघांनी मिळून अनोळखी दार ठोठावायचं, हे कुठल्या वर्गात शिकवता येणार?