ईमेलमधील फोल्डर जागेवर नसेल तर

लहान व्यापाऱ्यांच्याही ऑर्डरी आणि बिले आता ईमेलवर येतात. एके सकाळी आउटलुकमध्ये ‘इनबॉक्स’ किंवा ‘सेंट आयटम्स’ दिसेनासा झाला, की दुकानदार घाबरून जातो. आम्ही सांगू इच्छितो की, असा फोल्डर बहुधा नाहीसा झालेला नसतो. मोबाइलमधील एखाद्या ॲपमुळे किंवा चुकून ओढला गेल्याने तो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात गेलेला असतो.

सर्वप्रथम, ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामा करू नये. हरवलेला फोल्डर तेथेच असला तर त्यातील पत्रेही जाण्याचा धोका असतो. प्रत्येक फोल्डरशेजारचा बाण दाबून आत पाहावे. सापडल्यास तो ओढून सर्वांत वर, खात्याच्या नावावर सोडावा. तो हलत नसेल तर उगाच खटपट न करता खाते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे. ‘एमएफसीमॅपी’ या साधनाने तो फोल्डर मूळ जागी आणता येतो. मात्र ते नवख्याच्या हाती देऊ नये.

पत्रे पुसली गेलीच, तर विलंब करू नये. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या कार्यालयीन खात्यात, मुदत बदललेली नसल्यास, ती १४ दिवस परत मिळवता येतात. त्यानंतर जुन्या ऑर्डरीचा पुरावा शोधूनही सापडणार नाही.