आन्तोनोवाबाईंच्या किल्ल्या

१९७४ साली 'मोनालिसा' तोक्योहून पॅरिसला परत निघाली होती. वाट मॉस्कोवरूनच जाते, तर चित्र इथेही उतरवू या, असा हट्ट पुश्किन ललित कला संग्रहालयाच्या संचालक इरिना आन्तोनोवा यांनी संस्कृतिमंत्री फुर्त्सेवाबाईंकडे धरला आणि तडीला नेला. मॉस्कोकर तासन्‌तास रांगेत उभे राहिले. चित्रापुढे वाट्याला आले ते काही क्षण. आषाढीची रांग पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

१९६१ ते २०१३. ख्रुश्चेव्हपासून पुतीनपर्यंत राज्यकर्ते बदलत गेले, संचालकांची खुर्ची मात्र बावन्न वर्षे याच बाईंकडे राहिली. १९८१च्या 'मॉस्को-पॅरिस' प्रदर्शनात त्यांनी मालेविच आणि कान्दिन्स्की यांची चित्रे लोकांसमोर मांडली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे कोठारात डांबून ठेवली होती. त्याच वर्षी पियानोवादक रिख्तर यांच्यासोबत त्यांनी संग्रहालयातच 'डिसेंबरच्या संध्याकाळी' हा संगीतमहोत्सव सुरू केला.

पण याच इमारतीत एक कोठार होते, त्याविषयी बाई अवाक्षर काढत नसत.

बाई १९४५च्या एप्रिलमध्ये या संग्रहालयात नोकरीला लागल्या. त्याच उन्हाळ्यात जिंकलेल्या जर्मनीतून पेट्यांमागून पेट्या येऊ लागल्या. राफाएलच्या 'सिस्टाइन मॅडोना'सह ड्रेस्डेनची चित्रे आली. १९५५मध्ये मॉस्कोत त्यांचे प्रदर्शन भरले आणि मग ती पूर्व जर्मनीला परत गेली. बर्लिनहून आलेले ट्रॉयचे सोने मात्र गेले नाही. हाइनरिख श्लीमानने १८७३मध्ये हिसार्लिकच्या टेकाडातून ते काढले आणि प्रायम राजाचा खजिना म्हणून जगाला दाखवले. खरे तर ते प्रायमच्या मानल्या जाणाऱ्या काळापेक्षा हजारेक वर्षांनी जुने. युद्धात ते नष्ट झाले असावे, असेच अनेकांना वाटत होते. १९९१मध्ये कोझ्लोव आणि अकिन्शा या दोन अभ्यासकांनी ते मॉस्कोत असल्याचे उघड केले. बाईंनी कानावर हात ठेवले. आणि १९९६मध्ये त्यांच्याच संग्रहालयात त्या सोन्याचे प्रदर्शन भरले!

नाझी फौजांनी पीटरहॉफ आणि नोव्हगोरोद उद्ध्वस्त केले, त्याची ही भरपाई, असा बाईंचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. सोव्हिएत काळात गुप्तता वरच्या हुकमाने पाळली जाई, हेही खरे. पण हक्काची भरपाई कोणी अर्धे शतक लपवून ठेवत नाही.

२०१३च्या एप्रिलमध्ये, एक्क्याण्णव वर्षांच्या बाईंनी दूरचित्रवाणीवर थेट पुतीन यांच्याकडेच मागणी केली. श्चुकिन आणि मोरोझोव्ह या संग्राहकांचे मातिस-पिकासो ज्या संग्रहालयात होते, ते स्टालिनने १९४८मध्ये बंद करून चित्रे पुश्किन व लेनिनग्राडचे हर्मिटाज यांत वाटून टाकली होती. लेनिनग्राडला गेलेला वाटा परत द्या, मोडलेले संग्रहालय मॉस्कोत पुन्हा उभारा, असे त्यांचे म्हणणे. हर्मिटाजचे संचालक प्योत्रोव्स्की यांनी कडाडून विरोध केला. जुलैमध्ये संचालकपद मरीना लोशाक यांच्याकडे गेले आणि बाई संग्रहालयाच्या अध्यक्ष झाल्या. वाटणी होऊन पासष्ट वर्षे लोटली तरी मॉस्कोचा मातिसवरचा दावा त्यांच्या लेखी जिवंत होता. ट्रॉयच्या सोन्यावरच्या बर्लिनच्या दाव्याला मात्र त्यांनी २०२०मध्ये मृत्यू येईपर्यंत कधीच दाद दिली नाही.